तेलाच्या प्लगची गळती
ट्रकच्या इंजिनाचे तेल ज्या चेंबरमध्ये साठते, त्याच्या तळाशी जुने तेल काढण्यासाठी ड्रेन प्लग असतो. मूळ प्लग हरवल्यास बाजारातून दुसरा आणला जातो. त्याचे आटे जुळत नसल्यास तो अडतो आणि जोराने आवळल्यास चेंबरचेच आटे झिजतात. वॉशर जुना, चेपलेला असल्यास पकड ढिली राहते व हादऱ्यांनी प्लग सैल होतो.

यास्तव नवा प्लग प्रथम हातानेच पूर्ण फिरतो की नाही, हे पाहावे. प्रत्येक वेळी वॉशर नवा घालावा आणि प्लग उत्पादकाने दिलेल्या मापानेच आवळावा. गाडीखाली डाग दिसताच तेलपट्टी तपासावी. तेलदाबाचा दिवा लागल्यास इंजिन तत्काळ बंद करावे. तेलाविना बेअरिंग जळते व अल्प किमतीच्या वॉशरपायी इंजिन गमवावे लागते.