पीकबदल आणि उत्पन्नाचे विविधीकरण : सोलापूर जिल्ह्यातील कोरडवाहू शेतकरी कुटुंबांच्या संदर्भात

प्रस्तावना :
सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतो. येथील पाऊस बेताचा असून त्याचा बराचसा भाग सप्टेंबरमध्ये पडतो. त्यामुळे येथे रब्बी ज्वारीला महत्त्व प्राप्त झाले. मालदांडी ज्वारी जमिनीतील साठलेल्या ओलीवर वाढते आणि धान्याबरोबर जनावरांसाठी कडबाही देते. तथापि, केवळ ज्वारीवर कुटुंबाचा रोखीचा खर्च भागत नाही. यातूनच नगदी पिकांचा शोध सुरू झाला. शेती किफायतशीर होण्यासाठी पीक बदलणे पुरेसे आहे काय, हा येथील मूलभूत प्रश्न आहे.

डाळिंबाचा पर्याय :
महाराष्ट्र शासनाने 1990 मध्ये रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड कार्यक्रम सुरू केला. अनुदान टप्प्याटप्प्याने मिळत असे व ते झाडे जगण्याच्या प्रमाणाशी जोडलेले होते. हलक्या, मुरमाड जमिनीत व मर्यादित पाण्यावर येणारे डाळिंब कोरडवाहू भागास अनुकूल ठरले. ठिबक सिंचनाची जोड मिळाली. ‘गणेश’ वाणानंतर ‘भगवा’ वाणाने आकर्षक रंग व टिकाऊपणामुळे दूरच्या बाजारपेठा मिळवून दिल्या. अनेक कुटुंबांना या पिकाने आर्थिक स्थैर्य दिले, हे मान्य करावे लागेल. 2005 मध्ये सोलापूर येथे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राची स्थापना झाली.

एकपीक पद्धतीचा धोका :
याच काळात तेल्या रोगाने गंभीर रूप धारण केले. हा जिवाणूजन्य रोग आहे. फळांवर काळपट, तेलकट डाग पडतात, फळे तडकतात व विक्रीयोग्य राहत नाहीत. रोगट कलमे, छाटणीची अवजारे व पावसाचे उडणारे थेंब यांमार्फत तो पसरतो. दमट हवामानामुळे मृग बहाराला त्याचा विशेष धोका असतो. निरोगी कलमे, अवजारांचे निर्जंतुकीकरण, बोर्डो मिश्रणाची फवारणी व हस्त बहाराची निवड यांनी रोग आटोक्यात ठेवता येतो. मात्र त्याचे समूळ उच्चाटन अवघड आहे. ज्यांनी सर्व क्षेत्र डाळिंबाखाली आणले, त्यांच्यावर एकाच हंगामात उत्पन्न बुडून ठिबक संच व औषधांचे कर्ज शिल्लक राहण्याची वेळ आली. ज्वारीचा कडबा नसल्याने जनावरेही विकावी लागतात, हा दुसरा परिणाम होय. अशा कुटुंबांनी पीक बदलले होते. त्यांचे अवलंबित्व मात्र एकाच पिकावर राहिले.

विविधीकरणाचे निकष :
खऱ्या विविधीकरणाचे तीन निकष सांगता येतात. पहिला, उत्पन्नाचे स्रोत एकाच कारणाने एकाच वेळी बुडू नयेत. दुसरा, पैसा वर्षभर विभागून हाती यावा. तिसरा, एका घटकाचे अवशेष दुसऱ्यास उपयोगी पडावेत. उदाहरणार्थ, काही क्षेत्रात डाळिंब, काही क्षेत्रात ज्वारी व तूर, एक-दोन दुभती जनावरे आणि थोड्या शेळ्या अशी रचना घेता येईल. फळांची रक्कम वर्षातून एकदा येते. दुधाचा पगार ठरावीक दिवसांनी मिळतो. सुमारे पाच महिन्यांच्या गाभण काळानंतर विणारी व अनेकदा जुळी करडे देणारी उस्मानाबादी शेळी अडचणीच्या वेळी विकता येते. कडबा जनावरांना व शेणखत बागेला मिळते.

मर्यादा :
या रचनेत श्रम वाढतात आणि जनावरांचा भार बहुधा घरातील स्त्रियांवर पडतो. त्यांच्या श्रमाची किंमत हिशोबात न धरल्यास नफा फसवा ठरतो. चाराटंचाईच्या वर्षी पशुधनही बोजा होते. अल्प प्रमाणातील अनेक उत्पादने विकणे एकट्या कुटुंबाला परवडत नाही. 2002 च्या कंपनी कायद्यातील दुरुस्तीने शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्यांना कायदेशीर आधार दिला असून एकत्रित विक्रीसाठी तो उपयुक्त आहे.

समारोप :
सर्वाधिक भाव देणारे पीक कोणते, यापेक्षा ते बुडाल्यास कुटुंब कशावर तगेल, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. महाविद्यालयांनी विद्यार्थी प्रकल्पांतून परिसरातील कुटुंबांचा महिनावार जमाखर्च तयार केल्यास रिकामे महिने स्पष्ट होतील. त्या रिकाम्या महिन्यांपासूनच विविधीकरणाचे नियोजन सुरू करणे योग्य ठरेल.