पेटीबरोबर गाणंही येतं

नांदेडात पेटीच्या, म्हणजे हार्मोनियमच्या, दुरुस्तीचं दुकान चालवायचं म्हणजे सगळ्या तऱ्हेच्या गाण्यांच्या वाटेवर बसायचं. सकाळी खेड्यावरच्या भजनी मंडळाची पेटी येते, दुपारी गुरुद्वाऱ्यात कीर्तन करणाऱ्या रागीची, संध्याकाळी एखाद्या कव्वाल पार्टीची. 14 एप्रिलची आंबेडकर जयंती जवळ आली की भीमगीतं गाणाऱ्यांची घाई सुरू होते. माळेगावची खंडोबाची जत्रा तोंडावर आली की लावणीच्या पार्ट्यांची. दुरुस्त झालेली पेटी गिऱ्हाईक वाजवून बघितल्याशिवाय उचलत नाही, आणि वाजवतो ते नुसतं सारेगम नव्हे, स्वतःचं गाणं. माझे कान घडले ते या दुकानात.

लोक विचारतात, वेगवेगळं संगीत ऐकायची गोडी कशी लावून घ्यायची? माझं उत्तर ठरलेलं आहे. ओळखीचं एक वाद्य धरा आणि ते जिथं जाईल तिथं त्याच्या मागं जा. अनोळखी गाण्यात भाषा कळत नाही, ताल सापडत नाही, मग आपण उठून जातो. पण त्यात एक आवाज जरी ओळखीचा असला तरी कानाला टेकायला जागा मिळते, आणि बाकीचं मागाहून उलगडत जातं. माझ्यासाठी ते वाद्य पेटी. तुमच्यासाठी ढोलकी असेल, बासरी असेल, गिटार असेल.

पेटी मुळात परदेशी. पायानं भाता मारायचं हे वाद्य एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये घडलं. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी त्याला मांडी घालून वाजवता येईल असं रूप दिलं, म्हणजे एका हातानं भाता, दुसऱ्या हातानं पट्ट्या. वरची फळी काढली की आत पितळी सूर ओळीनं बसवलेले दिसतात. एका चौकटीत एक पातळ जीभ, एका टोकाला पक्की, दुसऱ्या टोकाला मोकळी. हवा खालून गेली की ती जीभ थरथरते, तोच सूर. जिभेचं मोकळं टोक किंचित घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. घासायचं अगदी थोडं, मग भाता मारून ऐकायचं, पुन्हा घासायचं. घाई केली की सूर हातचा जातो.

हे घासणं गिऱ्हाईकागणिक बदलतं. कव्वालांना आवाज कडक लागतो, टाळ्यांच्या आणि ढोलकच्या वर ऐकू येईल असा. ख्याल गाणाऱ्या एक बाई येतात, त्यांना गांधार ट्यूनिंग लागतं. बाजारातल्या पेटीचा गांधार, म्हणजे ‘ग’, तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गांधारापेक्षा थोडा चढा असतो, तो त्यांच्या कानाला टोचतो. तो उतरवला आणि तंबोऱ्याबरोबर धरला की दोन आवाज एकमेकांत मुरतात. कुणाकडून तरी हा फरक एकदा समोर बसून ऐकून घ्याच. शास्त्रीय गाणारे सुरावर इतका वेळ का थांबतात, ते दहा पुस्तकं वाचून कळणार नाही इतकं त्यात कळतं.

याच सुरांवरून पेटीवर मोठं संकटही आलं होतं. दोन सुरांच्या मधली घसरण, जिला आपण मींड म्हणतो, ती पट्ट्यांवर निघत नाही. म्हणून 1940 साली ऑल इंडिया रेडिओनं पेटीवर बंदी घातली. ती सैल व्हायला 1971 साल उजाडलं. आक्षेप खोटा नव्हता, मींड खरंच निघत नाही. तरीही ती बंदी मला आजही चुकीची वाटते. ज्या वाद्यावर साधी माणसं गायला शिकतात, त्यालाच दाराबाहेर ठेवलं होतं. आणि आपल्या गोविंदराव टेंब्यांनी तर पेटीवर नाव कमावलं होतं. 1911 च्या ‘मानापमान’ या संगीत नाटकाला त्यांनी ठुमरी-कजरीच्या ढंगाच्या चाली दिल्या आणि उत्तरेकडचं गाणं मराठी माणसाच्या तोंडी बसलं. वेगळं संगीत असंच घरात येतं.

नांदेडात मला सर्वांत जवळचा वाटतो तो संत नामदेवांचा धागा. त्यांचं गाव नरसी नामदेव आमच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात. भजनी मंडळ पेटी तपासायला बसलं की बहुतेक वेळा अभंगच निघतो. चाल सरळ, चार जणांना एकदम उचलता यावी अशी. पेटी सगळ्यांचा सूर धरून ठेवते, आणि शेवटी टाळ-मृदंग चढत जातात. गुरू ग्रंथसाहिबातही नामदेवांची 61 पदं आहेत. रागी मंडळी ती गातात तेव्हा पेटी तीच, पण रीत निराळी. ग्रंथात ही पदं रागांच्या नावाखाली लावलेली आहेत, धनासरी, सारंग, मल्हार अशी. साधारणतः दोन रागी दोन पेट्या घेऊन बसतात, जोडीला तबला. एक ओळ पुनःपुन्हा फिरते, दरवेळी थोडी वेगळी. एकदा एक ग्यानीजी माझ्या दुकानात नामदेवांचं पद गात होते. भजनी मंडळातले एक म्हातारे महाराज पेटी न्यायला आले होते, ते खाली बसले. पद संपल्यावर म्हणाले, “ग्यानीजी, परत एकदा म्हणा की.” ग्यानीजींनी पुन्हा म्हटलं. मग महाराजांनी त्यांना नामदेवांचाच एक अभंग ऐकवला. दोघांनाही एकमेकांचे सगळे शब्द कळले नसतील. पण नामदेव कळले, सूर कळला.

कव्वालीत हीच पेटी पुढं धावते. गायकानं ओळ टाकली की ती उचलते, कोरसला हात देते, मध्येच जागा भरते. हा बाज भीमगीतांतही सापडतो. गायक प्रल्हाद शिंद्यांचंच बघा. विठ्ठलाची गाणी, भीमगीतं आणि कव्वाली, तिन्ही त्यांनी तितक्याच ताकदीनं गायली. त्यांच्यावरून एक संध्याकाळ सुरू करा आणि तिथून फाटे फुटतील तसे ऐकत जा. मोबाइलवर सगळं आहे.

पण मोबाइलवर थांबू नका. गुरुद्वाऱ्यात डोकं झाकून कुणीही कीर्तनाला बसू शकतं. गल्लीतल्या देवळातल्या भजनाला, दर्ग्यातल्या उरुसाच्या कव्वालीला सहसा तिकीट नसतं. पुढं जाऊन पेटीवाल्याच्या जवळ बसा. त्याचा भात्यावरचा हात कधी हलका होतो, कधी जोर धरतो, ते बघा. गाणं संपलं की विचारा, “कोणती पट्टी होती?” काळी दोन, पांढरी चार, जी असेल ती तो सांगेल, आणि बहुतेक वेळा त्याबरोबर आणखी एखादं गाणंही ऐकवेल.