पेरॉक्सी-सल्फ्युरिक आम्ले : जंतुनाशक पुडीमागील रसायन आणि धोके

नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे २००६ मध्ये देशातील पहिल्या बर्ड फ्लूची नोंद झाली. कुक्कुटगृहाच्या दारातील फूटबाथचे महत्त्व तेव्हापासून वेगळे सांगावे लागत नाही. या फूटबाथसाठी वापरली जाणारी, पाण्यात गुलाबी द्रावण देणारी पूड बहुधा पोटॅशियम पेरॉक्सीमोनोसल्फेटची असते. हा क्षार ज्या आम्लापासून बनतो, त्याचे वर्णन जर्मन रसायनशास्त्रज्ञ हाइन्रिश कारो यांनी १८९८ मध्ये केले. म्हणून त्यास कारो आम्ल म्हणतात.

सल्फ्युरिक आम्लाच्या रेणूत ऑक्सिजनचा एक जादा अणू सामावला की कारो आम्ल तयार होते. यातील दोन ऑक्सिजन अणूंमधील बंध दुबळा असतो. तो तुटताना जंतूंची प्रथिने व मेद यांचे ऑक्सिडीकरण होते आणि शेवटी सल्फेट उरते. मात्र हा बंध जंतू आणि शेण यांत भेद करीत नाही. चिखल-विष्ठेने भरलेल्या बुटांवर द्रावणाची शक्ती वाया जाते. म्हणून आधी बूट घासून धुवावेत, मग फूटबाथमध्ये बुडवावेत. द्रावण सामान्यतः एक टक्का, म्हणजे लिटरमागे १० ग्रॅम असते. तरी वेष्टनावरील मात्रा प्रमाण मानावी. रंग फिका पडला किंवा द्रावण गढूळ झाले की ते बदलावे.

चुन्याचा प्रश्न शेतावर वारंवार येतो. नुकत्याच चुना मारलेल्या जमिनीवर हे द्रावण फवारू नये, कारण अल्कधर्मी माध्यमात ते लवकर विघटन पावते. पुडीत आपल्या मनाने मीठ किंवा ब्लीचिंग पावडर घालणे तर घातकच. त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटू शकतो. कोबाल्ट, निकेल व मँगनीज यांचे क्षार विघटनाला चालना देतात. सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या मिश्रणांत मँगनीज सल्फेट असते, हे लक्षात घेता दोन्ही पिशव्या एकाच कोपऱ्यात रचणे योग्य नाही. डिझेल, कीटकनाशके आणि ओलावाही दूर असावा.

प्रयोगशाळांतील धोका याहून मोठा आहे. काचेची भांडी स्वच्छ करण्यासाठी तीव्र सल्फ्युरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र केले की त्यात कारो आम्ल तयार होते. अशा द्रावात ॲसिटोनचे अवशेष मिसळल्यास स्फोटक पेरॉक्साइडे बनू शकतात. टाकाऊ द्राव घट्ट बुचाच्या बाटलीत ठेवल्यास आतील वायूच्या दाबाने ती फुटते. माती-पाणी तपासणीत ही पद्धत टाळणेच बरे. साध्या साबणाने बहुतेक भांडी निघतात.

पूड हाताळताना हातमोजे, चष्मा व मुखपट्टी वापरावी. पाण्यात पूड घालावी, पुडीवर पाणी ओतू नये. सांडलेली पूड कोरड्या प्लास्टिकच्या सुपलीने गोळा करावी. लाकडाचा भुसा किंवा भाताचे तूस टाकून ती टिपू नये, कारण तेच तिचे इंधन ठरते. डोळ्यात गेल्यास निदान १५ मिनिटे वाहत्या पाण्याने धुऊन डॉक्टरांकडे जावे, आणि जाताना पुडीचे वेष्टन सोबत न्यावे.