एक इंजिन बंद करून उडणारं विमान

सिडनीच्या दक्षिणेला, नौरा गावाजवळ ऑस्ट्रेलियन नौदलाचा 'अल्बाट्रॉस' हा हवाई तळ आहे. तिथल्या संग्रहालयात फेअरी गॅनेट हे विमान आहे. त्याच्या नाकावर एकामागे एक दोन पंखे आहेत, उलटसुलट दिशांनी फिरणारे. पोट फुगलेलं, पाठीवर काचेच्या टोप्या. बेढबच म्हणायचं. पण हे रूप त्याला कशामुळे आलं ते कळलं, की गोव्यातल्या नौदल विमान संग्रहालयातलं फ्रेंच अलिझेही कळतं.

ही दोन्ही विमानं पाणबुड्या शोधणारी. पाणबुडी शोधायला विमानाला समुद्रावर कमी उंचीवरून, संथपणे, तासन्‌तास फिरावं लागतं. त्यासाठी इंजिन कमी तेल पिणारं हवं. पण विमानवाहू नौकेच्या आखूड डेकवरून जड विमान उचलायचं तर ताकद दांडगी हवी. या दोन गरजा म्हणजे एकमेकींच्या सवती!

फ्रान्सच्या ब्रेगे कंपनीने १९५१ साली वुल्तूर या हल्ल्यासाठीच्या प्रायोगिक विमानात दोन वेगवेगळी इंजिनं बसवली. फिरण्यासाठी नाकात मामबा टर्बोप्रॉप आणि जोर लावायचा असेल तेव्हा शेपटीकडे नीन जेट. तोडगा चांगला होता, पण एरवी जेट म्हणजे नुसतं ओझं. पुढे फ्रेंच नौदलाला हल्ल्यापेक्षा पाणबुडीशोधाची निकड वाटू लागली. तेव्हा ब्रेगेने जेट काढून टाकलं, नाकात जास्त ताकदीचं डार्ट टर्बोप्रॉप बसवलं आणि पोटात वरखाली होणारं रडार आणलं. हेच अलिझे, पहिलं उड्डाण १९५६ साली.

गॅनेटमध्येही मामबाच, पण दोन, शेजारी शेजारी. एकेक इंजिन एकेक पंखा फिरवतं. उड्डाणाला दोन्ही चालू. समुद्रावर पोचल्यावर वैमानिक एक बंद करतो, आणि त्याचा पंखा हवेत चक्क थांबतो. एरवी दोन इंजिनांच्या विमानात एक बंद पडलं की विमान एका बाजूला ओढलं जातं. इथे दोन्ही पंखे एकाच रेषेत असल्यामुळे ती भानगड नाही. मला ही युक्ती फ्रेंचांच्या युक्तीपेक्षा सरस वाटते, तिची यंत्रणा किचकट असली तरी.

पुढचं काम दोघांचं सारखंच. डिझेल पाणबुडीला बॅटरी भरण्यासाठी हवेची नळी पाण्याबाहेर काढावी लागते. पोटातलं रडार खाली उतरवायचं आणि ते टोक शोधायचं. पाणबुडी बुडी मारून निसटली, तर सोनोबॉय टाकायचे. ते पाण्यातला आवाज ऐकून रेडिओने विमानाला कळवतात. अलिझेचे सोनोबॉय पंखांवरच्या, चाकं सामावणाऱ्या फुगवट्यांच्या पुढच्या भागात असत. जागेची अशी काटकसर!

ऑस्ट्रेलियाची गॅनेट 'मेलबर्न'वरून उडत, आपली अलिझे 'विक्रांत'वरून. दोन्ही नौका ब्रिटनच्या मॅजेस्टिक वर्गातल्या, म्हणजे बहिणीच. १९७१च्या युद्धात अलिझे बंगालच्या उपसागरात लढली. ऑस्ट्रेलियाने मात्र १९६७ साली गॅनेट निवृत्त करून अमेरिकन ट्रॅकर घेतली. त्यात प्रत्येक पंखावर एक इंजिन. एक बंद पडलं की वैमानिकाला पाय रडरवर दाबून विमान सरळ ठेवावं लागे.