जाळीतून छापलेले विद्युत्‌मंडल

बंद पडलेला एखादा जुना ट्रान्झिस्टर रेडिओ मिळाला, तर त्यातील सेल काढून मागचे झाकण उघडा. आत एक तपकिरी पट्टी दिसेल. तिच्या एका अंगाला रोधक, धारित्र वगैरे भाग बसवलेले असतात, तर दुसऱ्या अंगाला तांब्याच्या चकचकीत वाटा असतात. या वाटा म्हणजेच तारा! गंमत अशी, की लग्नपत्रिका ज्या पद्धतीने छापतात, त्याच पद्धतीने अशा वाटा उमटवता येतात.

पूर्वी रेडिओतील प्रत्येक भाग सुट्या तारेने जोडावा लागे. वेळ फार जाई आणि चुकाही होत. ऑस्ट्रियातून इंग्लंडमध्ये आलेल्या पॉल आइस्लर या अभियंत्याने १९४३ साली छापील मंडलाच्या एकस्वासाठी अर्ज केला. त्याच महायुद्धात अमेरिकेला उखळी तोफेच्या गोळ्यात मावेल आणि गोळा सुटतानाचा जबर धक्का सोसेल, असे चिमुकले रेडिओ-मंडल हवे होते. त्यासाठी सिरॅमिकच्या पट्टीवर चांदीची शाई जाळीतून छापण्यात आली.

ही जाळी कशी असते? लाकडी किंवा धातूच्या चौकटीवर पॉलिएस्टरचे तलम कापड ताणून बसवतात. त्यात दर सेंटिमीटरला साधारण ७५ ते १२० धागे असतात. कापडावर प्रकाशसंवेदी लेप देऊन तो अंधारात वाळवतात. मग त्यावर मंडलाचे काळे चित्र असलेली पारदर्शक फिल्म ठेवून प्रखर प्रकाश सोडतात. जेथे प्रकाश पडतो तेथे लेप कडक होतो. काळ्या रेषांखालचा लेप मऊच राहतो आणि पाण्याने धुऊन जातो. म्हणजे जाळी फक्त रेषांच्या जागी उघडी राहते.

आता तांब्याचा पत्रा चिकटवलेली पट्टी या जाळीखाली ठेवतात. चौकटीत शाई ओतून रबरी पट्टीने एका दमात ओढली, की उघड्या जागेतून शाई तांब्यावर उतरते. शाई वाळल्यावर पट्टी फेरिक क्लोराइडच्या द्रावणात बुडवतात. उघडे तांबे विरघळते, शाईखालचे शाबूत राहते:

तांबे + २ फेरिक क्लोराइड → क्युप्रिक क्लोराइड + २ फेरस क्लोराइड

तांब्याचा थर बहुधा ३५ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या अठ्ठाविसाव्या भागाएवढाच जाड असतो. तरीही घाई नको आणि आळसही नको. पट्टी लवकर काढली, तर दोन वाटांमध्ये तांबे उरून त्या एकमेकींना जोडल्या जातात. फार वेळ ठेवली, तर द्रावण शाईच्या कडेखाली शिरून वाट कुरतडते. जाळीवर धुळीचा एक कण असला, तरी वाट तुटून सगळे मंडल निकामी होऊ शकते.

शाईच्या खाली तांबे राखण्याऐवजी थेट चांदीच्या शाईनेच वाट छापली तर? तेही करतात, पण रोध वाढतो. त्याचा हिशेब सोपा आहे. वाटेची लांबी तिच्या रुंदीने भागा, म्हणजे तिच्यात किती चौरस मावतात ते कळेल. जाडी तीच असेल, तर चौरस लहान असो वा मोठा, त्याचा रोध सारखाच असतो; कारण लांबीने वाढलेला रोध रुंदीने तेवढाच घटतो. १ मिलिमीटर रुंद आणि १० सेंटिमीटर लांब वाटेत १०० चौरस येतात. ३५ मायक्रोमीटर तांब्याचा एक चौरस सुमारे ०.०००५ ओहमचा, म्हणजे पूर्ण वाट ०.०५ ओहमची. चांदीच्या शाईत चांदीचे कण राळेत मिसळलेले असतात आणि वीज कणाकणाने पुढे सरकते, म्हणून तिचा रोध कितीतरी पट जास्त भरतो.

अगदी बारीक वाटांसाठी कारखाने आता तांब्यावर थेट प्रकाशचित्रण पद्धत वापरतात. पण जाळी अडगळीत गेलेली नाही. सौरघटावरील चांदीच्या रेषा आणि रक्तातील साखर मोजण्याच्या पट्टीवरील कार्बनचे विद्युदग्र आजही जाळीतून छापले जातात.

शाळेत हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली, हातमोजे व चष्मा घालूनच करावा. वापरलेले द्रावण मोरीत ओतू नका. त्यातील तांबे माशांना घातक असते. त्यातले थोडे द्रावण काचपात्रात घेऊन त्यात लोखंडी खिळा टाका. काही वेळाने त्यावर तांबूस थर दिसेल. लोखंडाने तांब्याला द्रावणाबाहेर काढले! पण तेवढ्याने द्रावण निर्धोक होत नाही. ते लेबल लावलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीत साठवून शिक्षकांच्या हवाली करा.