घटनाक्रमाची परीक्षा : असमकालिक माहितीप्रवाहांच्या संदर्भात

एकोणिसाव्या शतकात वऱ्हाडातील कापसाची मोठी पेठ म्हणून नावारूपास आलेल्या खामगावास १८७० मध्ये जलंबहून रेल्वेचा फाटा मिळाला. त्याच सुमारास रेल्वेने सर्वत्र मद्रासची वेळ स्वीकारली. रेखांशाच्या हिशेबाने पाहता ही वेळ खामगावच्या स्थानिक वेळेच्या सुमारे पंधरा मिनिटे पुढे होती आणि मुंबईची स्थानिक वेळ जवळजवळ तितकीच मागे होती.

आता एक कल्पित प्रसंग घेऊ. खामगावच्या अडत्याने कापसाचा सौदा केला आणि लगेच मुंबईच्या पेढीस तार केली. त्याने आपल्या वहीत वेळ लिहिली १०-१०. पेढीच्या वहीत तार पोचल्याची वेळ १०-०२, आणि त्याखाली नवा भाव जाहीर झाल्याची वेळ १०-०५. दोघांनीही आपापली स्थानिक वेळ लिहिली आहे. पुढे हिशेब तपासणाऱ्याने केवळ आकडे पाहिले, तर भाव आधी जाहीर झाला आणि सौदा नंतर झाला असे त्यास दिसेल. म्हणजे अडत्याने भाव कळल्यावर सौदा केला, असा ठपका त्याच्यावर येईल. परंतु त्याच आकड्यांप्रमाणे तार निघण्यापूर्वीच पोचली, असेही मानावे लागेल! ही विसंगती ज्याच्या लक्षात येईल, तो आकड्यांवर विसंबणार नाही.

ज्या नोंदी एका घड्याळाने बांधलेल्या नसतात आणि ज्या पोचण्यास कमीअधिक वेळ लागतो, अशा नोंदींच्या ओघास येथे असमकालिक माहितीप्रवाह म्हटले आहे. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली. भारतातील तारसेवाही २०१३ मध्ये बंद झाली. प्रश्न मात्र संपला नाही. निरनिराळ्या संगणकांची घड्याळे किंचित पुढेमागे होतच असतात. ती वरचेवर जुळवली तरी थोडा फरक उरतो, आणि तेवढ्या अवधीत संगणकात असंख्य घटना घडून गेलेल्या असतात.

ह्या प्रश्नाची निर्णायक मांडणी लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्ये केली. त्यांच्या मते पौर्वापर्य तीन आधारांवर ठरते : एकाच ठिकाणच्या घटनांचा क्रम तेथील नोंदीवरून; संदेशाचे पाठवणे नेहमी त्याच्या पोचण्यापूर्वी; आणि पहिली घटना दुसरीच्या व दुसरी तिसरीच्या आधी असेल, तर पहिली तिसरीच्या आधी. ज्या दोन घटनांमध्ये असा कोणताच धागा नाही, त्या परस्परनिरपेक्ष होत.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकास ही विचारपद्धती अपरिचित वाटू नये. मराठीत ‘चारा’ ह्या शब्दातील च दंत्य आहे, तर संख्यावाचक ‘चार’ मधील च तालव्य. पुढे आ हा एकच स्वर असता हा भेद का? जुन्या कागदपत्रांत ‘च्यार’ असे लेखन आढळते, त्यात ह्याचे उत्तर आहे. आकारापूर्वी च दंत्य होण्याचा बदल घडला, तेव्हा ह्या शब्दातील य शिल्लक होता आणि त्याने च चे तालव्यत्व राखले. य लोपला तो त्यानंतर. क्रम उलटा असता, तर आज आपण ‘चार’ मधील च दंत्य उच्चारला असता. येथे एकही सनावळी हाती नसताना क्रम सिद्ध होतो. उलटपक्षी, जे दोन ध्वनिबदल एकाही शब्दात परस्परांस स्पर्श करीत नाहीत, त्यांचा क्रम ह्या मार्गाने ठरवता येत नाही.

आता परीक्षेकडे वळू. क आणि ख ह्या दोन ठिकाणी प्रत्येकी तीन घटना घडल्या असे समजा. प्रत्येक ठिकाणचा अंतर्गत क्रम राखून ह्या सहा घटना वीस प्रकारे गुंफता येतात. क येथील दुसऱ्या घटनेत संदेश निघाला आणि ख येथील दुसऱ्या घटनेत तो पोचला, असे कळताच त्यांतील दहाच गुंफणी ग्राह्य उरतात. ह्या दहांपैकी एकच क्रम ‘अपेक्षित’ म्हणून लिहून ठेवणारी परीक्षा उरलेल्या नऊ निर्दोष क्रमांना दोषी ठरवील. ह्याउलट, दोन घटनांच्या मध्ये मुद्दाम विलंब ठेवून घेतलेल्या परीक्षेत दोष दडून राहतो, कारण प्रत्यक्ष व्यवहारात तेवढी उसंत मिळेलच असे नाही. खरी परीक्षा तीच, जी दहाही ग्राह्य क्रम स्वीकारते व दहाही अग्राह्य क्रम नाकारते.

त्यासाठी प्रत्येक घटनेस एक आकडा देणे पुरत नाही. लहान आकड्याची घटना आधीचीच असेल असे नाही. ती निरपेक्षही असू शकेल. १९८८ मध्ये कॉलिन फिज व फ्रीडमन मॅटर्न यांनी स्वतंत्रपणे सुचवलेल्या पद्धतीत प्रत्येक ठिकाणासाठी वेगळा आकडा ठेवतात. क येथील तिसरी घटना (३, ०) आणि ख येथील तिसरी (२, ३) अशी लिहिली जाते. पहिल्या स्थानी एक मोठी, दुसऱ्या स्थानी दुसरी. म्हणून त्या निरपेक्ष ठरतात. क येथील दुसरी (२, ०) मात्र ख येथील तिसरीपेक्षा कोणत्याच स्थानी मोठी नाही व एका स्थानी लहान आहे. म्हणून ती निश्चितपणे आधीची.

खामगावच्या अडत्यास हाच न्याय लावू. सौदा तार करण्यापूर्वी झाला, तार निघाली ती पोचण्यापूर्वी, आणि पेढीच्या वहीत तार पोचल्यानंतर भावाची नोंद आहे. म्हणून सौदा भावापूर्वीचा. अडत्या निर्दोष ठरतो, आणि त्यासाठी कोणतेही घड्याळ दुरुस्त करावे लागत नाही. पेढीच्या वहीत भावाची नोंद तारेच्या आधी असती, तर मात्र एवढ्या पुराव्यावरून त्यास दोषीही म्हणता आले नसते व निर्दोषही. क्रम अनिश्चित आहे, एवढेच प्रामाणिकपणे लिहावे लागले असते. हा तिसरा निर्णय देण्याची सोय ज्या परीक्षेत नाही, तिच्या पहिल्या दोन निर्णयांवरही विश्वास ठेवता येत नाही.