नातवंडांचे पहिले सत्र आणि घराची तयारी

बारावीचा निकाल लागून प्रवेशाची धावपळ सुरू झाली, की आमच्या दवाखान्यांत एका कागदाची मागणी अचानक वाढते. तो कागद म्हणजे शारीरिक योग्यतेचे प्रमाणपत्र. सोबत आलेले आजोबा बहुधा उभ्या-उभ्याच सांगतात, "डॉक्टरसाहेब, पोराले काई नाई झालं, फक्त शिक्का मारून द्या." पोराला खरोखरच काही झालेले नसते, हेही पुष्कळदा खरे. पण लहानपणीच्या लसी संपल्यापासून केवळ तापखोकल्यासाठी दवाखान्याची पायरी चढलेले हे मूल धडधाकट असताना डॉक्टरांसमोर बसते, असा दिवस पुन्हा लवकर येत नाही. त्या दिवशी वजन, रक्तदाब, नजर, दात आणि हिमोग्लोबिन एवढे पाहून घ्यावे. सोळाव्या वर्षी द्यावयाची धनुर्वात-घटसर्पाची लस राहून गेली असेल, तर तीही घ्यावी. शिक्का त्यानंतर.

वऱ्हाडात शिकण्यासाठी घर सोडण्याची परंपरा जुनी आहे. अमरावतीला १९२३ साली किंग एडवर्ड कॉलेज सुरू झाले, तेच आजची शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था. डॉ. पंजाबराव देशमुखांनी पुढे येथेच श्रद्धानंद छात्रालय चालवले, कारण खेड्यातून आलेल्या मुलापुढे वर्गाआधी मुक्कामाचा आणि जेवणाचा प्रश्न उभा असतो, हे त्यांनी ओळखले होते. आज संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या पाचही जिल्ह्यांत तालुक्यागणिक महाविद्यालये आहेत, अकोल्याला कृषी विद्यापीठ आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. अंतर कमी झाले, पण तो जुना प्रश्न सुटलेला नाही. प्रवेशाच्या गडबडीत घरातील सर्वांचे लक्ष दाखल्यांकडे असते. जातीचा, उत्पन्नाचा, नॉन-क्रिमिलेयर, रहिवासी अशा कागदांसाठी सेतू केंद्राच्या चार फेऱ्या होतात. मूल रोज किती वाजता उठेल, कुठे जेवेल आणि आजारी पडल्यास कोणाला सांगेल, हे मात्र कोणत्याच अर्जात विचारलेले नसते.

महाविद्यालय सुरू होताच पहिले काही दिवस स्वागताचे आणि परिचयाचे असतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये या उपक्रमाला 'दीक्षारंभ' असे नाव दिले. अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमांत तांत्रिक शिक्षण परिषदेने त्यासाठी तीन आठवड्यांची योजना आखली आहे. आपल्याकडे याची किंमत फार कमी लेखली जाते. 'अजून शिकवणं कुठं सुरू झालं?' असे म्हणत मुलाला पेरणीसाठी किंवा नात्यातल्या एखाद्या कार्यासाठी आठवडाभर घरीच ठेवले जाते. माझ्या मते ही बचत महागात पडते. याच दिवसांत मार्गदर्शक प्राध्यापक कोण ते कळते, रॅगिंगविरोधी समितीची ओळख होते, वसतिगृहाचे नियम समजतात आणि मुख्य म्हणजे जेवायला सोबत जाणारी दोन माणसे मिळतात. आठ दिवस उशिरा पोहोचलेल्या मुलाला बाकावर जागा मिळते, पण तोवर बाकीच्यांच्या जोड्या जमलेल्या असतात.

आता विषयनोंदणीकडे येऊ. आपल्या पिढीत कला शाखेचे तीन विषय एकदा लिहून दिले की काम संपत असे. राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवे शैक्षणिक धोरण लागू झाले आणि ही रचना पालटली. आता एक मुख्य विषय, त्याला जोडून दुय्यम विषय, दुसऱ्या विद्याशाखेतून निवडायचा एखादा विषय, शिवाय कौशल्य, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली आणि सहशैक्षणिक उपक्रम अशी मांडणी असते. एका सत्रात साधारण २० ते २२ श्रेयांक, म्हणजे मुलांच्या भाषेत क्रेडिट, पूर्ण करावे लागतात. त्यातला हिशेब घरच्या मोठ्यांनी समजून घेण्यासारखा आहे. वर्गात शिकायचा एक श्रेयांक म्हणजे सत्रभरात १५ तास, आणि प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे ३० तास. समजा, २२ पैकी सहा श्रेयांक प्रात्यक्षिकाचे असतील, तर आठवड्याला १६ अधिक १२, असे २८ तास महाविद्यालयातच जातील. यात प्रवास धरलेला नाही.

वैद्य म्हणून माझे लक्ष त्या प्रवासावर आणि मधल्या रिकाम्या पोटावर असते. अकोला ते बडनेरा हे रेल्वेचे अंतर ८० किलोमीटरच्या आसपास आहे, आणि बडनेऱ्याहून अमरावती शहर अजून दहा किलोमीटर. तरीही अकोला-मूर्तिजापूर भागातील कितीतरी मुले रोज अप-डाऊन करतात. सकाळी आठचा तास आणि दुपारी चारचे प्रात्यक्षिक असे दोन्ही टोकांना बांधलेले वेळापत्रक पदरी आले, तर मूल पहाटे उपाशी निघते आणि रात्री थकून परतते. दोन महिन्यांनी डोकेदुखी, पित्त आणि चक्कर या तक्रारी घेऊन तेच मूल माझ्यापुढे बसलेले असते. म्हणून विषयांची पसंती भरण्यापूर्वी विभागात जाऊन संभाव्य वेळापत्रक मागावे, शेजारी गाडीची वेळ लिहावी आणि मगच ठरवावे. मित्राने घेतला म्हणून विषय घेण्यापेक्षा हे बरे. सहशैक्षणिक उपक्रमांत योग, खेळ किंवा राष्ट्रीय सेवा योजना असेल, तर निदान एक गोष्ट शरीराला हलवणारी असावी. १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ ज्या शहरात उभे आहे, तेथे याहून अधिक सांगायला नको.

नव्या रचनेतील एक सोय मात्र घरोघरी माहीत असायला हवी. मिळवलेले श्रेयांक विद्यार्थ्याच्या नावाने श्रेयांक-पेढीत जमा राहतात. एक वर्ष पूर्ण करून थांबल्यास प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका मिळू शकते, आणि ठरावीक मुदतीत परतही येता येते. मोठे दुखणे, शस्त्रक्रिया किंवा घरातील आजारपण यामुळे शिक्षण तुटल्याची अनेक उदाहरणे आमच्या पिढीने पाहिली. आता थांबणे म्हणजे सारे वाया जाणे नव्हे. या पेढीचे खाते उघडताना आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, आणि तो क्रमांक पुष्कळदा आजोबांचा निघतो! नोंदणीच्या दिवशी आजोबांनी फोन चार्ज करून जवळ ठेवावा. ओटीपी सांगायचा तो नातवंडालाच. 'कॉलेजमधून बोलतो' म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला मुळीच नाही.

आता ज्यासाठी हा लेख प्रामुख्याने लिहितो आहे, तो विषय. आपल्याकडे आजार लपवला जातो. मुलीला अपस्मार आहे, म्हणजे फिट येते, हे वसतिगृहात कळू नये, कारण पुढे लग्नात अडचण येईल, असे आईवडील मला हळू आवाजात सांगतात. त्यांची भीती मी खोटी म्हणत नाही. पण जागरण आणि चुकलेली गोळी ही फिट येण्याची नेहमीची कारणे आहेत, आणि वसतिगृहाच्या पहिल्या महिन्यात दोन्ही सहज घडतात. खोलीतल्या मैत्रिणीला काहीच ठाऊक नसेल, तर ती घाबरून कांदा हुंगवील, दातांत चमचा घालील. तिला इतकेच माहीत हवे की कुशीवर वळवायचे, तोंडात काही घालायचे नाही, घड्याळ पाहायचे, आणि झटका पाच मिनिटांत थांबला नाही तर लगेच रुग्णालय गाठायचे. साऱ्या महाविद्यालयाला सांगण्याची गरज नाही. मार्गदर्शक प्राध्यापक, वसतिगृहाचे अधीक्षक आणि खोलीतील एक विश्वासू सोबती, एवढी तीन माणसे पुरेत.

इन्सुलिन घेणाऱ्या मुलांचेही तेच. साखर उतरली की घाम, थरथर आणि गोंधळ होतो, तेव्हा तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यायची, हे सोबत्याला माहीत असावे. खोलीत फ्रिज नसेल तर ओल्या मातीच्या मडक्यात, पाणी आत शिरणार नाही अशा डबीत इन्सुलिन ठेवण्याची जुनी युक्ती आजही उपयोगी आहे. सिकलसेल हा तर विदर्भाचा परिचित आजार, त्याच्या निर्मूलनासाठी १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. सिकलसेलच्या मुलांनी पाण्याची बाटली कधी रिकामी ठेवू नये, पावसात भिजून तसेच वर्गात बसू नये, आणि ताप किंवा असह्य वेदना आल्यास रात्र काढण्याची वाट पाहू नये. दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी २०१६ च्या कायद्याने उच्च शिक्षणात किमान पाच टक्के जागा राखीव आहेत. लेखनिक किंवा जादा वेळ हवा असेल तर तो अर्ज परीक्षेच्या आदल्या दिवशी करायचा नसतो, प्रवेशाच्या वेळीच विचारणा करावी.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते १९ वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असलेली मुलगी 'आळशी' किंवा 'अभ्यासात लक्ष नसलेली' ठरते, एवढाच त्याचा बाहेरचा अर्थ. ज्वारीची भाकर, तुरीचे वरण आणि पालेभाजी यांवर वाढलेली ही मुलगी मेसच्या भात-बटाट्यावर गेली की घसरण वाढते. आजीने डबा भरताना शेव-चिवड्याची जागा थोडी कमी करून फुटाणे, दाण्याची चटणी, जवस आणि लिंबू द्यावेत. जेवणाला लागून चहा नको, त्याने लोह शोषले जात नाही. लोहाच्या गोळ्या मात्र तपासणीनंतरच घ्याव्यात, कारण सिकलसेलमधला रक्तक्षय लोहाने बरा होत नाही.

फोनवर 'जेवलीस का?' हा प्रश्न आपण सगळेच विचारतो आणि 'हो' हे उत्तर ठरलेले असते. त्याऐवजी 'कोणासोबत जेवलीस?' असे विचारून पाहावे. दोन आठवडे उलटूनही उत्तर 'एकटीच' असेल, झोप उडाली असेल, तास बुडत असतील, तर एकदा प्रत्यक्ष भेटून यावे. मनाच्या तक्रारींसाठी टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत उपलब्ध आहे. रॅगिंगला महाराष्ट्रात १९९९ पासून कायद्याने बंदी आहे. त्यासाठीचा राष्ट्रीय क्रमांक १८००-१८०-५५२२ मुलाच्या फोनमध्ये पहिल्याच दिवशी नोंदवावा.

आणि आता आपल्याविषयी. कित्येक घरांत आजीची गोळ्यांची डबी भरणारे, बोटाला सुई टोचून साखर पाहणारे आणि डॉक्टरांचा नंबर लावणारे हात याच नातवंडाचे असतात. ते जुलैत जाते, आणि ऑगस्टमध्ये काही आज्या चढलेला रक्तदाब घेऊन येतात. सकाळची गोळी रात्री आणि रात्रीची दोनदा, असा घोळ झालेला असतो. काही मुली हे आधीच ओळखतात आणि कोणाला न सांगता जवळचे, मनाविरुद्धचे कॉलेज लिहून मोकळ्या होतात. तसे करायचेच असेल तर तो निर्णय घरात उघड बोलून व्हावा, आणि सेवेचा भार घरातील मुलीवरच का, हा प्रश्न तिच्या भावासमोर आणि वडिलांसमोर विचारला जावा.

प्रवेश पक्का झाला की महिनाभर आधीच हे काम दुसऱ्याच्या हाती सोपवायला सुरुवात करावी. ठळक मराठी अक्षरांत गोळ्यांचा तक्ता करून भिंतीला लावावा, त्यात गोळीचे नाव, रंग, वेळ आणि ती कशासाठी आहे हे असावे. नातवंड घरी असतानाच आजीने चार वेळा स्वतः डबी भरून दाखवावी. औषधांचा साठा महिन्यापेक्षा आठवडाभर जास्त असावा, आणि शेजारचे एक माणूस किंवा गावातील आशाताई यांना फाइल कुठे ठेवली आहे ते माहीत असावे.

पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे, आधार कार्ड तेवढे सोबत हवे. पहिली चाचणी आटोपली की आजी-आजोबांनी एक दिवस काढून जावे, नातवंडाच्या मेसमध्ये पंगतीला बसून जेवून पाहावे, आणि निघताना आपली दुपारची गोळी पिशवीत टाकायला विसरू नये.